वीज नियामक आयोगाचे कागद विधानमंडळापर्यंत पोहोचतात का? सोलापूरकरांसाठी पाठपुराव्याची रीत

आधी महावितरणचे घरगुती बिल हातात घ्या आणि आकारणीचा तपशील वरून खाली वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्याखाली वीज शुल्क. पहिल्या चार ओळींचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाने किंवा आयोगाने घालून दिलेल्या सूत्राने ठरतात. शेवटची ओळ, म्हणजे घरगुती बिलावरचे १६ टक्के वीज शुल्क, आयोगाची नाही. ती विधानमंडळानेच केलेल्या २०१६ च्या विद्युत शुल्क अधिनियमातून आली आहे. म्हणून 'आमदारांनी वीज स्वस्त करावी' असे निवेदन द्यायचे असेल, तर ते कोणत्या ओळीबद्दल आहे हे आधी ठरवावे लागते. वीज शुल्क हा थेट सभागृहाचा विषय. वरच्या चार ओळींचे दर मात्र कोणत्याही आमदाराला किंवा मंत्र्याला बदलता येत नाहीत. तसा कायदाच आहे.

मार्चअखेर दराचा आदेश येतो, एप्रिलमध्ये पूर्व भागातल्या यंत्रमागधारकांपासून माळशिरसच्या ऊस बागायतदारांपर्यंत सगळे निवेदने घेऊन निघतात आणि उत्तर ठरलेले मिळते : 'ही बाब आयोगाच्या अखत्यारीतील आहे.' उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. आयोग दर ठरवायला स्वतंत्र आहे. हिशेब द्यायला मात्र तो बांधलेला आहे आणि तो हिशेब विधानमंडळासमोर येणे कायद्याने सक्तीचे आहे. हे कागद आले का, केव्हा आले, त्यात काय आहे, एवढे पाहणारी दोन-चार माणसे सोलापुरात असली, तर जिल्ह्यातल्या ११ विधानसभा सदस्यांना सभागृहात विचारायला नेमके काहीतरी मिळेल. हे काम कसे करायचे ते पुढे दिले आहे.

कोणते कागद, कोणत्या कलमाखाली

विद्युत अधिनियम, २००३ ची मराठी किंवा इंग्रजी प्रत जवळ ठेवा. सगळा कायदा वाचायची गरज नाही. कलम ६५, ८५, ८६, १०४ ते १०८ आणि १८२ एवढी पाने खुणा करून ठेवली की पुरे.

कलम १०५ खाली आयोगाने दरवर्षी मागच्या वर्षाच्या कामाचा अहवाल तयार करायचा, तो राज्य शासनाकडे पाठवायचा आणि शासनाने तो विधानमंडळासमोर ठेवायचा. कलम १०४ खाली आयोगाच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. प्रमाणित हिशेब आणि त्यावरचा लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी शासनाकडे जातो आणि तिथून विधानमंडळात. कलम १८२ खाली आयोगाने केलेला प्रत्येक विनियम दोन्ही सभागृहांसमोर ठेवायचा असतो. विनियम म्हणजे वीज पुरवठा संहिता, बहुवार्षिक दरनिश्चिती, ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच यांचे नियम. कलम १०६ खालचा अर्थसंकल्पी अंदाज फक्त शासनाकडे जातो, सभागृहात नाही. त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

या तिन्ही ठिकाणी कायद्याची भाषा 'शक्य तितक्या लवकर' अशी आहे. तारीख नाही, दिवसांची मोजणी नाही. इथेच सगळा ढिलेपणा शिरतो. आयोगाने वेळेत पाठवलेला अहवाल मंत्रालयात नस्तीत पडून राहिला, तरी कोणाचीही मुदत मोडलेली दिसत नाही. म्हणून मुदत आपणच मोजायची.

विनियमांबाबत आणखी एक बारकावा आहे, तो भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. केंद्रीय आयोगाचे विनियम कलम १७९ खाली संसदेसमोर ३० दिवस ठेवावे लागतात आणि संसद त्यात बदल करू शकते किंवा ते रद्द करू शकते. राज्याच्या कलम १८२ मध्ये हे वाक्यच नाही. तिथे फक्त 'ठेवणे' आहे. त्यामुळे एकदा राजपत्रात विनियम आला की या कलमाच्या बळावर विधानसभा तो मोडू शकत नाही. आमच्या मते राज्याच्या तरतुदीतला हा सर्वात कच्चा दुवा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की विनियमाचा मसुदा आयोग प्रसिद्ध करतो तीच हरकतीची खरी वेळ. २०२४ चे बहुवार्षिक दरनिश्चिती विनियम २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांसाठी आहेत. भागभांडवलावर परतावा किती, वीजहानीचा हिशेब कसा, हे त्यात एकदा ठरले की नंतरच्या दर सुनावणीत त्यावर कितीही पोटतिडकीने बोलले तरी 'विनियमानुसार' एवढेच उत्तर येते. विनियमालाच आव्हान द्यायचे तर उच्च न्यायालयात जावे लागते. विद्युत अपील न्यायाधिकरणाला तो अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पीटीसी इंडिया प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तारखांची वही

साधी फुलस्केप वही किंवा एक्सेलची एक शीट चालेल. प्रत्येक आर्थिक वर्षाला एक ओळ आणि रकाने असे : आयोगाने अहवाल शासनाकडे पाठवल्याची तारीख, ऊर्जा विभागाला मिळाल्याची तारीख, विधानसभेत ठेवल्याची तारीख, विधानपरिषदेत ठेवल्याची तारीख. लेखापरीक्षण अहवालासाठी आधी आणखी एक रकाना : महालेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्राची तारीख. शेवटच्या रकान्यात ३१ मार्चपासून सभागृहात येईपर्यंत गेलेले महिने लिहा.

दोन सभागृहांचे रकाने वेगळे ठेवायचे कारण आहे. महाराष्ट्रात विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत आणि कागद दोन्हीकडे स्वतंत्रपणे ठेवले जातात. दोन्हीकडे एकाच दिवशी ठेवले असतील असे गृहीत धरू नका.

तारीख शोधायची कुठे? अधिवेशन चालू असताना रोजचा कामकाजाचा क्रम विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतो. त्यात प्रश्नोत्तरांनंतर 'कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे' असा भाग असतो. ऊर्जा मंत्र्यांच्या नावासमोर कलम १०५, १०४ किंवा १८२ चा उल्लेख दिसला की ती नोंद वहीत घ्या आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. यात होणारी नेहमीची चूक म्हणजे महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांचे वार्षिक अहवाल आयोगाचे समजणे. या कंपन्या जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या विभाजनातून निघाल्या. त्या सरकारी कंपन्या असल्याने त्यांचे अहवाल कंपनी कायद्याखाली सभागृहात येतात. त्यांची छाननी सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत येते. आयोग कंपनी नाही, तो कायद्याने स्थापन झालेला निकाय आहे. आयोगाच्या तक्रारीचे पत्र सार्वजनिक उपक्रम समितीकडे पाठवले की ते चुकीच्या दारात गेले म्हणून समजा.

माहिती अधिकारात काय मागायचे

कामकाजाच्या क्रमात नोंद सापडत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून किंवा जोडपत्र 'अ' भरून, १० रुपयांचा न्यायालय फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडली की अर्ज परत येण्याला निमित्त मिळते. अर्ज आयोगाकडे नव्हे, ऊर्जा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा, कारण कागद सभागृहात ठेवण्याचे काम शासनाचे आहे. मजकूर साधारण असा :

'विषय : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे वार्षिक अहवाल. कालावधी : २०२१-२२ ते २०२३-२४. माहितीचे वर्णन : (१) वरील प्रत्येक वर्षाचा, विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १०५ खालील अहवाल शासनास प्राप्त झाल्याबाबतच्या आयोगाच्या पत्राची छायांकित प्रत. (२) सदर अहवाल विधानसभा व विधानपरिषदेसमोर ठेवल्याच्या तारखा दर्शविणाऱ्या अभिलेखाची प्रत. (३) अहवाल अद्याप ठेवला नसल्यास, संबंधित नस्तीवरील टिपणीची प्रत.'

यात 'उशीर का झाला' हा प्रश्न मुद्दाम नाही. माहिती अधिकारात अभिलेखावर असलेले मिळते, स्पष्टीकरण मिळत नाही. 'का' विचारले की 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असे एका ओळीचे उत्तर येते आणि ३० दिवस फुकट जातात. दुसरे म्हणजे, सभागृहात अजून न ठेवलेल्या अहवालाची प्रतच मागू नका. कलम ८(१)(ग) खाली विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचे कारण देऊन ती नाकारता येते. तारखा आणि आवक पत्र मागा, त्याने कोणाचाही विशेषाधिकार भंग होत नाही. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील, शुल्क २० रुपये.

अहवाल हाती आला की काय वाचायचे

सुरुवातीची मनोगते आणि छायाचित्रे सोडून द्या. तीन गोष्टी शोधा.

पहिली, दर अर्जांचा निपटारा. कलम ६४ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत, सूचना-हरकती विचारात घेऊन, आयोगाने आदेश द्यायचा असतो. ३० नोव्हेंबरला अर्ज आला असेल तर ३० मार्चला १२० दिवस भरतात. आदेशाच्या पहिल्या पानांवर अर्ज दाखल झाल्याची, दुरुस्त अर्जाची, तांत्रिक छाननी सत्राची आणि जाहीर सूचनेची तारीख असते. त्यावरून मोजा. कंपनीने अपुरी आकडेवारी दिल्याने दुरुस्त अर्ज घ्यावा लागला असेल, तर उशिराचा मोठा भाग कंपनीकडे जातो, आयोगाकडे नाही. हे न पाहता आयोगावर ठपका ठेवला की उत्तर देणाऱ्याचे काम सोपे होते. कंपनीने अर्जच केला नाही तर आयोगाने स्वतःहून कार्यवाही सुरू करावी, असे अपील न्यायाधिकरणाने ११ नोव्हेंबर २०११ च्या आदेशात सर्व राज्य आयोगांना सांगितलेले आहे.

दुसरी, निर्देशांचे पालन. मोठ्या दर आदेशात कंपनीला दिलेले निर्देश आणि मागच्या निर्देशांचे काय झाले याचा भाग असतो. कृषिपंपांचा वापर कसा मोजला, वितरण हानी किती धरली, हे इथे कळते. सोलापूरसारख्या, उजनीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या जिल्ह्यात ही पाने सर्वात मोलाची. पंपाला मीटर नसेल तर वापर अंदाजाने धरला जातो. अंदाज फुगला की हानी कागदावर कमी दिसते, आणि अनुदान व इतर ग्राहकांवरचा भार मात्र वाढतो. एखादा निर्देश दोन-तीन आदेशांत त्याच शब्दांत परत येत असेल, तर पालन झालेले नाही हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही. ती पाने एकापुढे एक ठेवा. पालन न केल्यास कलम १४२ खाली प्रत्येक उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत आणि चालू राहिल्यास दररोज सहा हजारांपर्यंत दंड करता येतो. तो अधिकार त्या वर्षात वापरला गेला का, हेही अहवालात पाहा.

तिसरी, सेवेची पातळी. कलम ५९ प्रमाणे कंपनीने कृती मानकांची, म्हणजे ग्राहकाला कोणती सेवा किती वेळेत द्यायची याच्या ठरलेल्या निकषांची, पूर्तता किती झाली, किती प्रकरणांत भरपाई दिली आणि एकूण किती रक्कम दिली, हे आयोगाला कळवायचे असते आणि आयोगाने वर्षातून किमान एकदा ते प्रसिद्ध करायचे असते. सोलापूर मंडलाचे आकडे वेगळे काढा. भरपाईच्या रकान्यात शून्य दिसले म्हणजे सेवा उत्तम, असे नाही. चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांकडे वीज खंडित झाल्याच्या नोंदी असतात. त्या वेळा आणि तो शून्य शेजारी ठेवला की प्रश्न आपोआप तयार होतो.

अनुदान : सभागृहाच्या हातातला सर्वात पक्का धागा

दर आयोगाचा असला तरी सवलत शासनाची असते, आणि शासन विधानमंडळाला जबाबदार असते. म्हणून यंत्रमाग आणि कृषिपंप या दोन्ही विषयांत कलम ६५ हेच सर्वात उपयोगी कलम आहे. शासनाला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर फरकाची रक्कम त्याने आगाऊ द्यायची. रक्कम दिली नाही तर सवलतीचा निर्देश लागू राहत नाही आणि आयोगाने ठरवलेला पूर्ण दर लागू होतो, इतके हे कलम कडक आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत विजेची योजना आहे. शेतकऱ्याच्या बिलावर शून्य आले तरी ते बिल कोणीतरी भरतच असते. ते वेळेवर भरले गेले नाही तर कंपनी कर्ज काढते आणि त्याचे व्याज फिरून दरात येते. टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराच्या बिलात त्याचा वाटा असतो.

या रकमेचा हिशेब तपासायची सोय २०२३ पासून झाली आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये विद्युत नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक तिमाही संपल्यावर ३० दिवसांत कंपनीने अनुदानाचा अहवाल आयोगाला द्यायचा आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत आयोगाने तो तपासून, दुरुस्त्यांसह प्रसिद्ध करायचा. कंपनीने किती मागितले, ते प्रत्यक्ष वापराच्या हिशेबावर होते का आणि शासनाने खरोखर किती दिले, हे त्यात हवे. आगाऊ रक्कम आली नसेल तर आयोगाने अनुदानाविना दर लागू करण्याचा आदेश द्यायचा, असेही नियम सांगतो.

वार्षिक अहवालाच्या 'शक्य तितक्या लवकर' पेक्षा हे कितीतरी बरे, कारण इथे दिवस मोजता येतात. एप्रिल ते जून या तिमाहीचा अहवाल कंपनीकडून ३० जुलैपर्यंत आणि आयोगाकडून २९ ऑगस्टपर्यंत यायला हवा. जुलै ते सप्टेंबरचा २९ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर. ऑक्टोबर ते डिसेंबरचा १ मार्चपर्यंत, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुमारास. जानेवारी ते मार्चचा ३० मेपर्यंत, पावसाळी अधिवेशनाआधी. वहीच्या मागच्या पानावर या आठ तारखा (चार कंपनीच्या, चार आयोगाच्या) लिहून ठेवा आणि प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी आयोगाचे संकेतस्थळ उघडून पाहा. अहवाल नसेल तर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. चार तिमाह्यांचे असे स्क्रीनशॉट हा सभागृहात चालणारा पुरावा आहे.

आमदारांना प्रश्न कसा लिहून द्यायचा

आमदारांच्या कार्यालयात पाच पानी निवेदन दिले की ते अग्रेषित पत्र जोडून मंत्रालयात जाते आणि तिथून 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन महावितरणकडे परत येते. त्याऐवजी सभागृहाच्या साच्यातला तयार प्रश्न द्या. तो जसाच्या तसा दाखल करता येतो. मतदारसंघातल्या आमदारांबरोबरच पुणे विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाच्या विधानपरिषद सदस्यांनाही द्या, सोलापूर जिल्हा त्यांच्याही मतदारसंघात येतो.

साचा असा :

'सन्माननीय ऊर्जा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६५ अन्वये शासनाने जाहीर केलेल्या वीजदर सवलतीपोटीची रक्कम वितरण कंपनीस आगाऊ देणे आवश्यक आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, एप्रिल ते जून या तिमाहीत यंत्रमाग व कृषिपंप ग्राहकांच्या सवलतीपोटी कंपनीने मागणी केलेली रक्कम, शासनाने अदा केलेली रक्कम व अदा केल्याचा दिनांक काय आहे,
(३) सदर तिमाहीचा अनुदान लेखा अहवाल आयोगाने प्रसिद्ध केला आहे काय व कोणत्या दिनांकास,
(४) सोलापूर मंडलातील किती यंत्रमाग ग्राहकांना सदर तिमाहीत सवलत देण्यात आली,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?'

या साच्यात पहिला भाग सर्वात जपून लिहायचा. उत्तरे भागवार येतात : 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' किंवा 'हे खरे नाही'. पहिल्या भागात 'यंत्रमागधारक देशोधडीला लागले आहेत, हे खरे आहे काय' असे लिहिले की उत्तर येते 'हे खरे नाही', आणि पुढच्या चारही भागांना एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या भागात कायद्याचे कलम ठेवले तर नाही म्हणायची सोय राहत नाही आणि मग रक्कम व दिनांक द्यावेच लागतात. मनातली तळमळ आमदारांशी बोलताना सांगा, प्रश्नात आकडा आणि तारीखच असू द्या.

तारांकित प्रश्नाला सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न पुरतो आणि तो स्वीकारला जाण्याची शक्यता जास्त. यंत्रमाग सवलतीचा विषय वस्त्रोद्योग विभागाशीही जोडलेला आहे. एकाच प्रश्नात दोन्ही विभाग आणले की तो या विभागातून त्या विभागात फिरत राहतो. ऊर्जा मंत्र्यांना रकमेबद्दल आणि वस्त्रोद्योग मंत्र्यांना नोंदणी व पात्रतेबद्दल, असे दोन वेगळे प्रश्न द्या.

प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला जाऊन आमदारांना गाठण्यात अर्थ नसतो. तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात मजकूर स्वीय सहायकांच्या हाती द्या, मराठी युनिकोडमध्ये टाइप करून, पीडीएफ नव्हे तर वर्ड फाइल. दुरुस्ती करायला तीच लागते. सोबत कलमाच्या पानाची आणि स्क्रीनशॉटची प्रत जोडा.

मंत्री उत्तरात 'अहवाल पुढील अधिवेशनात ठेवण्यात येईल' असे म्हणाले, तर त्या दिवशीच्या कार्यवाहीतले तेवढे वाक्य काढून ठेवा. पुढच्या अधिवेशनात अहवाल आला नाही तर आमदारांमार्फत तो विषय आश्वासन समितीकडे नेता येतो.

जिथे हमखास अडते

आयोगासमोर सुनावणी चालू असलेल्या अर्जावर सभागृहात प्रश्न आणू नका. आयोग निमन्यायिक काम करतो, त्याला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. अशी सूचना बहुधा न्यायप्रविष्ट म्हणून बाजूला पडते. त्या काळात आपले म्हणणे जाहीर सूचनेच्या मुदतीत, आयोगाच्या संकेतस्थळावरून लेखी द्यावे आणि सुनावणीत बोलावे. आदेश पटला नाही तर अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जावे लागते. निवेदने देण्यात ते दिवस निघून जातात आणि मग हाती काही उरत नाही.

'शासनाने आयोगाला आदेश द्यावा' ही मागणीही तपासून करा. कलम १०८ खाली शासन लोकहिताच्या धोरणात्मक बाबींवर आयोगाला निर्देश देऊ शकते, पण तो लेखी असावा लागतो आणि आयोगाने त्याचे 'मार्गदर्शन' घ्यायचे असते. अमुक वर्गाचा दर इतके पैसे करा, असा हुकूम त्यातून निघत नाही. मात्र लेखी असल्यामुळे तो कागद आहे, म्हणजे माहिती अधिकारात मागता येतो. गेल्या पाच वर्षांत कलम १०८ खाली दिलेल्या निर्देशांच्या प्रती मागा. त्या फार बोलक्या ठरतात.

एनटीपीसीचा फताटेवाडीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प दक्षिण सोलापुरात असला तरी त्याच्या विजेचा दर केंद्रीय आयोग ठरवतो आणि त्या आयोगाचे अहवाल संसदेत जातात. त्या दराबद्दलचा प्रश्न खासदारांकडे. महावितरणने ती वीज किती घ्यावी आणि त्याचा खर्च दरात कसा धरावा, हा राज्य आयोगाचा विषय, म्हणून तो आमदारांकडे.

आणि रिकाम्या जागा. राज्य आयोगावर अध्यक्षांसह जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. एक जागा रिकामी राहिली तरी कामावर ताण येतो. कलम ८५ प्रमाणे सदस्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी शासनाने निवड समितीकडे प्रकरण पाठवायचे आणि समितीने तीन महिन्यांत निवड पूर्ण करायची. मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीमुळे जागा रिकामी झाल्यास प्रकरण एक महिन्यात पाठवायचे. मुदत पाच वर्षांची आणि वयाची मर्यादा ६५, त्यामुळे जागा कधी रिकामी होणार हे नेमणुकीच्या दिवशीच माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये आयोगावर कायद्याच्या क्षेत्रातला एक सदस्य असलाच पाहिजे असे सांगितले आहे, तेही तपासा. ही जबाबदारी पूर्णपणे शासनाची आहे. इथे 'आयोगाच्या अखत्यारीतील बाब' हे उत्तर देताच येत नाही. वहीत सध्याच्या तिन्ही सदस्यांच्या मुदतीच्या तारखा लिहा, त्यातून सहा महिने वजा करा आणि त्या दिवसानंतरच्या पहिल्याच अधिवेशनासाठी प्रश्न द्या : प्रकरण निवड समितीकडे कोणत्या दिनांकास पाठवले?